दुरुस्ती किती वेळा?

नवी कोरी गाडी वर्षाच्या आत तीनदा गॅरेजात जाऊन आली आणि चौथ्यांदा जायची वेळ आली, तर मालकाने काय करावं? आणखी एकदा दुरुस्तीला टाकावी, तोटा सोसून विकून मोकळं व्हावं, की कंपनीला सरळ सांगावं, तुमची गाडी घ्या आणि माझे पैसे द्या? अमेरिकेतल्या ग्राहकाला हा तिसरा मार्ग कायद्याने खुला आहे. सदोष गाडीला तिथे ‘लेमन’ म्हणतात, आणि त्या कायद्याला ‘लेमन लॉ’. तो मार्ग धरावा की नाही, यावर कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधल्या एका मराठी घरात मामा-भाचीची चांगलीच जुंपली. हे मामा-भाची आणि त्यांची गाडी या लेखापुरती; कायदा, निकाल आणि त्यांतले आकडे मात्र खरे.

मामा चिंचवडचे. एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून वर्क्स मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. पुढे काही वर्षं ग्राहक मंचापुढच्या खटल्यांत गाड्या तपासून तज्ज्ञ म्हणून अहवाल देत असत. भाचीने ४२,००० डॉलर मोजून नवी एसयूव्ही घेतली, त्याला अकरा महिने झाले होते.

“चालते ना गाडी?” मामांचा पहिला प्रश्न.

“चालते. पण वीस-पंचवीस मिनिटं झाली, गिअरबॉक्स तापला, की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दणका बसतो. आणि हायवेवर चढताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की एंजिन नुसतं ओरडतं, गाडी दोन-तीन सेकंद जोरच धरत नाही. मागून ट्रक येत असतो, मामा.”

“व्हॉल्व्ह बॉडी असेल, नाहीतर टॉर्क कन्व्हर्टर. अगं, यंत्र बिघडतं त्याला कारण असतं. ते शोधायचं. एका भागापायी अख्खी गाडी परत द्यायची, हे मला पटत नाही. इथे एखादा जुना, हात बसलेला मेकॅनिक असेलच. त्याच्याकडे टाक. दोन पैसे जातील, पण गाडी नीट होईल.”

मामांचं हे म्हणणं कुठल्याही अनुभवी कारागिराला पटेल असं आहे. पण कॅलिफोर्नियात वॉरंटीतल्या गाडीसाठी हाच सल्ला सगळ्यांत महागात पडतो. तिथला कायदा मोजतो त्या कंपनीच्या अधिकृत डीलरकडे झालेल्या दुरुस्तीच्या खेपा. बाहेरच्या मेकॅनिकने कितीही मन लावून काम केलं, तरी ती खेप हिशेबात धरली जात नाही. उलट, बाहेरच्याने हात लावला म्हणूनच बिघडली, असं म्हणायला कंपनीला वाव मिळतो.

भाचीने कायदा वाचून काढला होता. कॅलिफोर्नियाचा साँग-बेव्हर्ली कायदा १९७० चा. त्याचं सूत्र साधं आहे: वॉरंटी दिलीत, तर वाजवी संधी मिळूनही दोष काढता आला नाही की गाडी बदलून द्या, नाहीतर पैसे परत करा. दोहोंपैकी काय घ्यायचं ते ग्राहक ठरवतो. बदली गाडी त्याच्या गळ्यात मारता येत नाही. अडचण एकच होती. वाजवी म्हणजे किती? १९८२ मध्ये कनेटिकट राज्याने देशातला पहिला खास गाड्यांसाठीचा लेमन लॉ केला, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने टॅनर कायदा करून त्या वाजवीला आकडे दिले. गाडी घेतल्यापासून १८ महिने किंवा १८,००० मैल, यांपैकी जे आधी संपेल त्या मुदतीत एकाच दोषासाठी चार किंवा अधिक खेपा झाल्या; किंवा जिवावर बेतेल अशा दोषासाठी दोन खेपा झाल्या; किंवा गाडी एकूण ३० दिवसांहून जास्त गॅरेजात पडून राहिली, तर कंपनीला पुरेशी संधी मिळाली असं कायदा धरून चालतो. तसं नाही, हे दाखवायचं ओझं मग कंपनीवर. मुदत उलटली म्हणून हक्क संपत नाही, पण धरून चालण्याचा हा फायदा मात्र जातो.

“चार!” मामा उसळले. “चारच का? पाच का नाहीत? चार वेळा गॅरेजात आली म्हणून गाडी वाईट ठरत नाही. मेकॅनिक वाईट असू शकतो. मी माझ्या वर्कशॉपात पाहिलंय. तीन पोरांनी हात टेकलेली गाडी चौथ्याने अर्ध्या तासात सरळ केली.”

“तो मेकॅनिक कोणाचा, मामा?”

“म्हणजे?”

“डीलर मी नेमला नाही, कंपनीने नेमला. त्याला शिकवलं कंपनीने. गाडीत दोष आहे की मेकॅनिकच्या हातात, हे मी का शोधत बसू? मला एवढंच माहीत आहे की पैसे मोजून घेतलेली गाडी धड चालत नाही. कायदाही मला तेवढंच विचारतो.”

यावर मामांकडे उत्तर नव्हतं, आणि या कायद्याचं मर्मही इथेच आहे. दोष नेमका कुठे आहे, हे शोधण्याचं काम तो ग्राहकावर टाकत नाही. वॉरंटीतला दोष आहे, तो गाडीच्या वापराला, किमतीला किंवा सुरक्षिततेला बऱ्यापैकी बाधा आणतो, आणि संधी देऊनही तो गेला नाही, एवढं दाखवलं की पुरे.

मामांनी मग कागद मागवले. माणूस कितीही वाद घालो, जॉबकार्ड समोर आलं की त्याच्यातला वर्क्स मॅनेजर जागा होतो. तिन्ही खेपांच्या रिपेअर ऑर्डर त्यांनी टेबलावर मांडल्या आणि चष्मा पुसून वाचायला घेतल्या. पहिल्या कागदावर ‘ग्राहकाचे म्हणणे’ या रकान्यात होतं: ठरलेली सर्व्हिस, तेल बदलणे. बस्स. गिअरच्या दणक्याचा उल्लेखच नाही.

“तू सांगितलं नव्हतंस?”

“सांगितलं होतं ना. काउंटरवरच्या माणसाला. तो म्हणाला, बघतो.”

“बोललेलं वाऱ्यावर जातं, बाळ. लिहून का घेतलं नाहीस?”

दुसऱ्या कागदावर दणक्याची तक्रार होती. खाली मेकॅनिकचा शेरा: तक्रार आढळली नाही, गाडी नेहमीसारखी चालते. मामांचं बोट मात्र कागदाच्या वरच्या कोपऱ्यात थांबलं. गाडी आत आली तेव्हाचं मीटर ६,४१२ मैल. बाहेर पडली तेव्हाचं ६,४१३.

“एक मैल,” मामा म्हणाले. “वीस मिनिटं चालवल्यावर दिसणारा दोष हा गृहस्थ एका मैलात शोधत होता. गिअरबॉक्सचं तेल कोमटसुद्धा झालं नसेल.”

तिसऱ्या कागदावर सॉफ्टवेअर अपडेट केल्याची नोंद होती. एंजिन ओरडतं आणि गाडी जोर धरत नाही, हे भाचीचं सगळ्यांत गंभीर म्हणणं तीनपैकी एकाही कागदावर आलं नव्हतं. जीवघेण्या दोषासाठी दोनच खेपा पुरतात, पण तो दोष आधी कागदावर उतरायला हवा. ‘गिअर बदलताना झटका’ आणि ‘हायवेवर शिरताना गाडीची ताकद जाते’ या दोन वाक्यांत कायद्याच्या नजरेने मोठं अंतर आहे. लेमन लॉच्या दाव्यांत हार-जीत बहुतेक वेळा न्यायाधीशासमोर ठरत नाही. सर्व्हिस काउंटरवर, पेन हातात असलेल्या माणसाने काय लिहिलं, यावर ठरते. अमेरिकेत नवी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवण्याजोगं आहे.

तरीही मामांचा सूर बदलला नाही. “कागद जमव, हरकत नाही. पण कोर्टकचेरी कशाला? परक्या देशात कशाला त्या भानगडीत पडायचं? देऊन टाक ही गाडी डीलरला, वर चार-पाच हजार घाल आणि दुसरी घे. तोटा होईल. पण डोक्याचा ताप जाईल.”

“आणि ही कोण घेईल?”

“घेईल कोणीतरी.”

“तेच तर. घेईल कोणीतरी. एखादी नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी घेईल. तिला कोणी सांगणार नाही की ही गाडी हायवेवर दगा देते. आणि तिला माझ्याएवढा हक्कही नसेल.”

भाचीचं हे बोलणं भावनेच्या भरातलं नव्हतं. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी गाड्या बनवणाऱ्या एफसीए कंपनीच्या एका प्रकरणात निकाल दिला. ५५,००० मैलांहून जास्त चाललेली एक जुनी डॉज ट्रक विकत घेतलेल्या ग्राहकांचा तो दावा होता. कंपनीच्या मूळ वॉरंटीचे काही दिवस शिल्लक आहेत, एवढ्यावरून जुनी गाडी साँग-बेव्हर्लीतल्या परताव्याच्या कलमापुरती ‘नवी’ ठरत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. म्हणजे पहिल्या मालकाने गुपचूप विकली की दुसऱ्याच्या हाती गाडीबरोबर दोष येतो, पण गाडी बदलून किंवा पैसे परत मागण्याचं हत्यार येत नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात विकणाऱ्याला ठाऊक असतं आणि घेणाऱ्याला नसतं, त्यामुळे अख्खा बाजारच कसा नासतो, यावर जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्येच निबंध लिहिला होता. २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्या कामाचा मोठा वाटा होता. तोटा सोसून विकण्याला आपण समजूतदारपणा म्हणतो. त्यातला अर्धा तोटा आपण दुसऱ्याच्या पदरात टाकलेला असतो.

“मग कंपनी परत घेऊन काय करते? भंगारात घालते?” मामांना खरी काळजी यंत्राचीच होती.

“नाही. दुरुस्त करते आणि पुन्हा विकते. पण गाडीच्या मालकीच्या कागदावर आणि दाराच्या चौकटीवर लेमन म्हणून शिक्का पडतो. नव्या ग्राहकाला तो दोष लेखी सांगावा लागतो, आणि तो दोष गेलाय याची वर्षभराची वॉरंटी द्यावी लागते.”

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. “हे बरं आहे,” ते शेवटी म्हणाले. “म्हणजे दुरुस्ती होतेच. फक्त तुझ्या खर्चाने, तुझ्या वेळात होत नाही.”

पैशाचा हिशेबही त्यांनी समजून घेतला. परताव्यात डाउन पेमेंट, भरलेले हप्ते, शिल्लक कर्ज, विक्रीकर, नोंदणी, टोइंगचा आणि भाड्याच्या गाडीचा खर्च येतो. त्यातून वापराबद्दल वजावट होते, तीही ठरलेल्या सूत्राने: गाडीची किंमत गुणिले त्या दोषासाठी पहिल्यांदा डीलरकडे नेली तेव्हाचे मैल, भागिले १,२०,०००. भाचीने गाडी पहिल्यांदा नेली तेव्हा मीटर ३,००० वर होतं. तो आकडा धरला तर वजावट १,०५० डॉलर. पण त्या कागदावर तक्रार नाही! मग दुसऱ्या खेपेचे ६,४१२ मैल धरावे लागतात आणि वजावट होते २,२४४ डॉलर. काउंटरवर एक ओळ लिहून न घेतल्याची ही किंमत.

वकिलांच्या मुद्द्यावर मात्र मामांचं पारडं जड होतं, आणि ते तसं मान्य करायला हवं. ग्राहक जिंकला तर त्याच्या वकिलाची वाजवी फी कंपनीने द्यायची, अशी या कायद्यात तरतूद आहे. कंपनीने जाणूनबुजून टाळाटाळ केली असेल तर नुकसानीच्या दुपटीपर्यंत दंडही बसतो. सामान्य माणसाला खिशात हात न घालता वकील मिळतो तो यामुळेच.

“आणि वकिलाला खटला लांबवण्यात रस निर्माण होतो तोही यामुळेच,” मामा म्हणाले. “फी चढत जाते. मी पाहिलेत असे खटले.”

कॅलिफोर्नियाच्या न्यायालयांत असे दावे २०२२ मध्ये सुमारे १५,००० होते, ते २०२३ मध्ये २२,००० च्या वर गेले. याच गर्दीवरून सप्टेंबर २०२४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२५ मध्ये ती ऐच्छिक करण्यात आली. म्हणजे ज्या कंपन्यांनी ही नवी पद्धत स्वीकारली, त्यांनाच ती लागू. त्यांच्या बाबतीत दंड मागायचा तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते. कंपनीने ३० दिवसांत परताव्याची तयारी दाखवली आणि ६० दिवसांत तो पुरा केला, तर दंड नाही. नोटिशीच्या वेळी आणि पुढचे ३० दिवस गाडी ग्राहकाच्या ताब्यात असावी लागते. दावाही वॉरंटी संपल्यापासून वर्षाच्या आत आणि गाडी हाती आल्यापासून सहा वर्षांच्या आत करायला हवा. आपल्या गाडीची कंपनी कोणत्या गटात आहे, हे म्हणूनच आधी तपासावं लागतं.

काही वकील आणि कंपन्या मिळून आणखी एक वाट काढतात. ग्राहकाला थोडी रोख रक्कम द्यायची आणि गाडी त्याच्याकडेच ठेवायची. “म्हणजे दोष रस्त्यावरच राहिला,” मामा म्हणाले, “आणि शिक्काही नाही!” भाचीने इथे वाद घातला नाही. घालण्यासारखं काही नव्हतंच. सुरक्षिततेशी संबंध असलेल्या दोषाला अशी तडजोड म्हणजे कायद्याच्या हेतूलाच फाटा.

वकिलाच्या आधीची पायरी बहुतेकांना ठाऊक नसते. काही कंपन्या राज्याने मान्यता दिलेल्या लवादात सहभागी असतात. तो ग्राहकाला फुकट असतो, निर्णय साधारण ४० दिवसांत अपेक्षित असतो, आणि ग्राहकाने स्वीकारला तर कंपनीवर बंधनकारक होतो. ग्राहकाला तो मान्य नसेल तर न्यायालय उघडं असतंच. आणि चार किंवा दोन खेपांच्या नियमाचा आधार घ्यायचा असेल, तर निदान एकदा थेट कंपनीला कळवलेलं असावं लागतं; नुसत्या डीलरला सांगून भागत नाही. कंपनीचा पत्ता वॉरंटीच्या पुस्तिकेत असतो, आणि ती पुस्तिका बहुतेकांच्या गाडीत कोरीच पडून असते.

“आपल्याकडे असं काही असतं ना,” मामा म्हणाले, आणि संभाषण चिंचवडला येऊन पोहोचलं.

भारतात गाड्यांसाठी वेगळा लेमन लॉ नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे, आणि तो वाटतो त्याहून धारदार आहे. ५० लाखांपर्यंतच्या गाडीसाठी जिल्हा आयोगाकडे जाता येतं. दहा ते वीस लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असं नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. तपासणी लागणारं प्रकरण पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात किती वर्षं लागतात ते आयोगाच्या पायऱ्या चढलेल्यांना विचारावं.

“आकडा नाही ना, तिथेच सगळं अडतं,” मामा सांगत होते. “किती खेपा झाल्या की पुरे, हे कुठेच लिहिलेलं नाही. मूळ उत्पादनातच दोष आहे, हे ग्राहकाने सिद्ध करायचं. त्यासाठी माझ्यासारखा तज्ज्ञ हवा. मी गाडी तपासायला जायचो तेव्हा ती वर्ष-दोन वर्षं उभी असायची. बॅटरी मेलेली, टायर बसलेले. त्यातून मूळ दोष शोधायचा! कंपनीचा वकील विचारायचा, हा दोष कारखान्यातला की वापरातला? मी प्रामाणिकपणे म्हणायचो, आता सांगता येत नाही. आणि तो माणूस हरायचा.”

२००६ मध्ये मारुती उद्योगच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचं बंधन असेल, तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश टिकत नाही. २०१० मध्ये फियाट इंडियाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी करायला लावली आणि मूळ दोष निघाला तर पैसे व्याजासह परत द्यावेत असं सांगितलं. या दुसऱ्या प्रकरणात काटा शेवटी येऊन थांबला तो तज्ज्ञाच्या अहवालावर.

“म्हणजे मामा, मघाशी तुम्ही ज्या चार आकड्यावर चिडलात...”

“तो आकडा त्या ग्राहकांना मिळाला असता तर त्यातले निम्मे तरी जिंकले असते. खरं आहे तुझं. पण मी अजूनही म्हणतो, दोष सापडायला हवा. चौथ्या खेपेला मी येतो तुझ्याबरोबर.”

ते गेले. काउंटरवरच्या माणसाकडून त्यांनी तक्रार भाचीच्या शब्दांत लिहून घेतली: गाडी वीस मिनिटं चालल्यावर, हायवेवर शिरताना ताकद जाते. मेकॅनिकला बरोबर घेऊन, गाडी तापवून चक्कर मारायचा आग्रह धरला. या वेळी दोन मीटर-नोंदींत एकवीस मैलांचं अंतर पडलं आणि शेऱ्यात ‘तक्रार आढळली’ असं लिहिलं गेलं. डीलरने टॉर्क कन्व्हर्टर मागवला. दुरुस्तीने गाडी सुधारेल अशी मामांची खात्री. भाचीने त्याच संध्याकाळी चारही कागदांच्या प्रती जोडून कंपनीला लेखी कळवलं. दोघांपैकी कोणीही आपला हट्ट सोडला नाही, आणि सोडायची गरजही नव्हती.

सोडवायचा प्रश्न आहे तो आपल्याकडचा. वर्षभरात किती खेपा, किती दिवस गाडी गॅरेजात, म्हणजे कंपनीला पुरेशी संधी मिळाली असं धरायचं, एवढं एक कलम २०१९ च्या कायद्यात घातलं तर तज्ज्ञाच्या दारात वर्षानुवर्षं ताटकळणारे ग्राहक सुटतील. ग्राहक चळवळीची महाराष्ट्राला जुनी परंपरा आहे. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा देशात ग्राहक संरक्षण कायदाही नव्हता. तिथल्या कार्यकर्त्यांनी ही मागणी आता लावून धरावी. तोवर वाचकांनी एवढं करावं: वॉरंटीत फुकट झालेल्या कामाचंही जॉबकार्ड मागून घ्यावं, त्यावर तक्रार आपल्या शब्दांत आहे की नाही ते वाचावं, आत-बाहेरचं मीटर पाहावं, आणि दाद लागत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर पहिल्या महिन्यातच फोन करावा.